नवं स्मार्ट मीटर पळते असं वाटते? आधी घरीच मोजा

आमच्या नागपुरातल्या महाल भागातल्या गल्लीत विजेचे स्मार्ट मीटर लागले आणि पहिल्याच बिलानंतर जो तो म्हणे मीटर पळते. पळत असेलही, पण आधी घरी मोजून घ्या भाऊ, आकडे हातात असले की ऑफिसात पण नीट ऐकून घेतात.

मीटर बदलायला आले तर जुन्याचं शेवटचं आणि नव्याचं पहिलं रीडिंग, दोन्हीचे फोटो काढाच. नंतर जुनं मीटर शोधायला कुठं जाणार.

आता टेस्ट. मीटरवर लाल लाइट लपलपते, तिच्याजवळ आकडा छापलेला असते, समजा ३२००, म्हणजे ३२०० वेळा लपलपली की १ युनिट. घरातलं सगळं बंद करा, फ्रिज, वायफाय, आणि इन्व्हर्टर विसरू नका बरं, त्याची बॅटरी गुपचूप चार्ज होत राहते. मग १५०० वॅटचा हीटर रॉड बादलीत लावा (पाण्याला हात अजिबात नाही लावायचा) आणि लाइटचा १ मिनिटाचा व्हिडिओ काढून मोजा. ८० च्या आसपास आले तर मीटर बरोबर. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज २१० पर्यंत उतरलं असेल तर ६६-६७ येतील, तेही बरोबरच. १०० च्या वर गेलं तर मात्र सोडू नका.

सगळे स्विच बंद करूनही लाइट लपलपते? हे जुन्या घरांत लई होते. नवं मीटर फेज आणि न्यूट्रल (करंट आणणारी आणि परत नेणारी तार) दोन्ही मोजते आणि ज्यात करंट जास्त तो धरते, त्यामुळे वरच्या मजल्याचं न्यूट्रल तुमच्यात जोडलेलं असेल तर त्यांचा कूलर तुमच्या बिलात येते. जुन्या चकतीच्या मीटरला हे कळायचंच नाही. इथे मीटर नाही, वायरिंग सुधरवा, चांगला इलेक्ट्रिशियन बोलवा.

आणि कूलरचा हिशोब पण करा, २०० वॅटचा कूलर दिवसरात्र चालला तर महिन्याला १४४ युनिट, आणि १०० च्या वर रेट वाढते, ३०० च्या वर अजून. स्मार्ट मीटरवाल्यांना सकाळी ९ ते ५ च्या वापरावर सवलत आहे, तर मोटर, प्रेस, वॉशिंग मशीन तेव्हाच लावा.

तरी जमत नसेल तर १९१२ वर तक्रार करून नंबर लिहून घ्या, मीटर टेस्टिंगचा लेखी अर्ज द्या. तिथं नाही ऐकलं तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, त्याच्या वर विद्युत लोकपाल, त्यांचं ऑफिस नागपुरातच आहे. अर्जाला तो व्हिडिओ आणि रीडिंगचे फोटो जोडा, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.