इसिसॉरस रंगवण्यापूर्वीची तयारी

कोल्हापुरातील ज्या चित्रकाराला डायनासोर रंगवायचा आहे, त्याने कागद ताणण्यापूर्वी एकच जाती निश्चित करावी, आणि ती शक्यतो आपल्या राज्यातली असावी. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावला सापडलेला इसिसॉरस, म्हणजे टायटॅनोसॉर गटातील लांब मानेचा शाकाहारी डायनासोर, हा त्यासाठी उत्तम विषय आहे. 1997 मध्ये त्याचे वर्णन टायटॅनोसॉरस कोल्बर्टी या नावाने प्रसिद्ध झाले आणि 2003 मध्ये त्याला आजचे नाव मिळाले, त्यामुळे शोधनिबंध दोन्ही नावांनी शोधावेत. हाडांची रेखाचित्रे व मापे तेथूनच उतरवून घ्यावीत. इतरांची रंगीत चित्रे समोर ठेवू नयेत, कारण एकाची चूक दुसरा बिनदिक्कत उचलतो.

त्यानंतर आलेखाच्या कागदावर एकास वीस या प्रमाणात सांगाडा काढावा. दंडाचे हाड 148 सेंटीमीटर आहे, म्हणजे कागदावर ते 7.4 सेंटीमीटर येईल. बाकीचे अवयव या मापाशी ताडून पाहावेत. सापडलेली हाडे काळ्या शाईने आणि जवळच्या जातींवरून भरलेली हाडे लाल शाईने दाखवावीत. कवटी मिळालेलीच नसल्याने डोके पूर्ण लाल राहील, आणि लांबीचे अंदाजही 11 ते 18 मीटर असे पसरलेले आहेत. हा कागद चित्र पूर्ण होईपर्यंत भिंतीवर असावा.

मांस चढवण्याआधी जिवंत जनावरे पाहून घ्यावीत, आणि या बाबतीत कोल्हापूरकर भाग्यवान आहेत. दाजीपूरच्या गव्याच्या पाठीचा उंचवटा मणक्यांच्या लांब काट्यांमुळे येतो, म्हणून तो सांगाड्यातही दिसतो. बेंदराला सजवलेल्या खिलार बैलाचे वशिंड मात्र मुख्यतः स्नायू आणि चरबीचे असते, हाडांवरून त्याचा पत्ता लागणे कठीण. दोन्हींची रेखाटने शेजारी ठेवली, की हाडांवर कातडे घट्ट ताणून बसवण्याची सवय सुटते आणि मनाला येईल तसे मांस चढवण्याला मर्यादाही पडते. पायांकडे विशेष लक्ष द्यावे. टायटॅनोसॉर गटातील प्राण्यांच्या पुढच्या पायांत बोटांची हाडे जवळपास उरलेली नव्हती, तळव्याची हाडेच उभी राहून खांबासारखा आधार देत. तरीही चित्रकार तेथे हत्तीची नखे हमखास काढतात. त्वचेसाठी अर्जेंटिनातील टायटॅनोसॉरच्या अंड्यांमधील भ्रूणांचे ठसे पाहावेत. त्यांत एकमेकांवर न चढणारे, गाठींसारखे खवले दिसतात.

रंगाविषयी पुरावा नाही. चीनमधील सायनोसॉरोप्टेरिक्स या छोट्या डायनासोरच्या शेपटीवरील तांबूस आणि फिकट पट्टे 2010 मध्ये पिसांसारख्या तंतूंतील रंगकणांवरून ठरवता आले, पण इसिसॉरसबाबत तशी सोय नाही. येथे चित्रकाराने स्वतः निर्णय घ्यावा व तो टिपून ठेवावा. एवढ्या मोठ्या प्राण्याला मातकट रंगच शोभतील असे मला वाटते.

पार्श्वभूमीवर मात्र सवयीने पन्हाळा किंवा जोतिबाचा डोंगर येऊ देऊ नये. ते सपाट माथे लाव्हाचे थर झिजून पुढे तयार झाले; इसिसॉरसची हाडे ज्या लॅमेटा नावाच्या खडकथरांत सापडली, त्यांच्या म्हणजे सुमारे 6.6 ते 7 कोटी वर्षांपूर्वीच्या काळात तेथे तसे काही नव्हते. लॅमेटा थरांतील चुनखडीयुक्त माती निमकोरडे हवामान आणि मधूनमधून पाण्याची तळी सुचवते, तेव्हा घनदाट जंगल टाळावे. गवत थोडे चालेल: चंद्रपूरच्याच पिसदुऱ्यातील अश्मीभूत विष्ठेत गवताचे सिलिकाकण सापडल्याचे 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. पण तेवढ्या आधारावर हिरवळीचा गालिचा पसरू नये, आणि टी-रेक्स तर अजिबात नको, तो उत्तर अमेरिकेचा.

शेवटी कोल्हापुरातल्याच बापट कॅम्पच्या मूर्तिकारांकडून शाडू आणून वीतभर लांबीचा नमुना घडवावा व एका दिव्याखाली तो फिरवून सावल्या टिपाव्यात. पेन्सिलचा आराखडा जीवाश्मांच्या अभ्यासकाला दाखवून खांदा, मनगट व मानेचा कोन तपासून घ्यावा, कारण जलरंग बसल्यावर खांदा दोन सेंटीमीटर सरकवणे म्हणजे कागद बदलणेच होय.