बफ व्हील: निवड, वेग आणि हात

बफ व्हील म्हणजे धातू घासून चकचकीत करणारं मोटरवर फिरणारं चाक. काम चकाकेना झालं की बहुतेक जण आधी कंपाउंड, म्हणजे व्हीलला लावायची घासणारी मेणाची वडी, बदलतात. मी आधी व्हील बघतो. कोणतं लावलंय, किती झिजलंय, तोंडावर, म्हणजे घासणाऱ्या कडेवर, काय साचलंय. दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

मात्र खोल ओरखडे बफने जात नाहीत, ते एमरीच्या, म्हणजे खरखरीत कण लावलेल्या, पट्ट्यावरच काढावे लागतात. १२० नंबरच्या पट्ट्यावरून १८०, २४०, ३२० असं चढत जा (नंबर मोठा तसे कण बारीक) आणि दर वेळी तुकडा आधीच्या रेषांना आडवा धरा. मग आधीच्या रेषा नव्या रेषांना छेदतात आणि एखादी उरली तर लगेच दिसते. इथे घाई केली तर ओरखडा तसाच राहतो, फक्त चकचकीत होतो.

सिसलचं, म्हणजे जाड वनस्पती-धाग्याचं, व्हील सगळ्यात कडक. स्टीलवरच्या पट्ट्याच्या रेषा मोडायला तेच हवं. त्यानंतर शिलाईचं कापडी व्हील. घेताना शिलाईच्या ओळी बघा. ओळी ६ मिमीवर असतील तर व्हील ताठ राहतं आणि जास्त कापतं, अंतर वाढेल तसं ते मऊ होत जातं. शेवटच्या चकाकीला फक्त मध्यभागी शिवलेलं, मोकळ्या पदरांचं व्हील लावा. भोकं किंवा नक्षी असलेल्या तुकड्यावर कडक व्हील जास्त वेळ धरलं की कडा गोल होतात आणि भोकाच्या एका बाजूला ओढल्यासारखी शेपटी उमटते. ती शेपटी पुन्हा पट्ट्यावर गेल्याशिवाय निघत नाही.

वेगाकडे फार कमी लोक लक्ष देतात आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मोटर मिनिटाला २८०० फेरे घेत असेल तर २०० मिमी व्हीलच्या तोंडाचा वेग मिनिटाला साधारण १७६० मीटर पडतो. तेच व्हील झिजून १५० मिमी झालं की वेग १३२० वर येतो. मोटर तीच, आवाज तोच, पण चौथा हिस्सा वेग गेलेला असतो. मग कारागीर नकळत जोर लावतो, तुकडा तापतो, कापड जळतं, अ‍ॅल्युमिनिअम असेल तर पृष्ठभाग ओढला जातो. जोर वाढवावासा वाटला की व्यास मोजा. लहान झालेलं व्हील टाकून देऊ नका, कमी वेग लागणाऱ्या मऊ कामाला ते उत्तम. व्हीलवर लिहिलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा मात्र कधीही ओलांडायची नाही.

नवं व्हील चढवताना दोन्ही बाजूंना फ्लॅंज, म्हणजे व्हील दाबून धरणाऱ्या चकत्या, हव्यातच. दुतोंडी मशीनच्या डाव्या बाजूला आटे उलटे असतात, तिथे नट जबरदस्तीने फिरवू नका. सुरू केल्यावर मिनिटभर बाजूला उभं राहा. मग दाताळं (तोंड खरवडायचं दातेरी हत्यार) लावून सुटे धागे काढा आणि त्यानंतरच कंपाउंड द्या.

कंपाउंडची वडी फिरत्या व्हीलला क्षणभर टेकवायची, बस्स. थोडं थोडं, पण वरचेवर. कामावर काळे चिकट पट्टे उठले तर कंपाउंड जास्त झालंय. तोंड काचेसारखं कडक झालं असेल तर परत दाताळं. पितळ आणि अ‍ॅल्युमिनिअमला तपकिरी ट्रिपोली, स्टेनलेसला हिरवं, सोन्या-चांदीला लाल रूज. प्रत्येक कंपाउंडचं व्हील वेगळं ठेवा आणि बाजूवर मार्करने लिहून ठेवा. धातूही मिसळू नका. साध्या लोखंडावर वापरलेलं व्हील स्टेनलेसला लावलं की त्याचे कण पृष्ठभागात रुततात आणि पुढे गंजाचे ठिपके दिसतात.

तुकडा स्पिंडलच्या, म्हणजे व्हील ज्यावर फिरतं त्या दांड्याच्या, मध्यरेषेच्या खाली धरायचा, जिथे व्हीलचं तोंड खाली जाताना तुमच्यापासून दूर वळतं. तुकड्याची वरची कड व्हीलला कधीच दाखवू नका. ती अडकली की तुकडा हातातून हिसकला जातो. खालच्या कडेकडे घासत या आणि तिथेच सोडा. वरचा अर्धा भाग घासायचा असेल तर तुकडा उलटा करा. कापायचं असेल तेव्हा फिरण्याच्या विरुद्ध दिशेने, जोर देऊन. चकाकी आणायची असेल तेव्हा फिरण्याच्या दिशेने, अगदी हलक्या हाताने. सैल बाह्या नकोत, सुती हातमोजे तर नकोतच. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क हवाच. लहान तुकडा बोटांत न धरता पकडीत धरा.

अ‍ॅल्युमिनिअमची धूळ आणि लोखंडाची धूळ एकाच डस्ट कलेक्टरमध्ये जाऊ देऊ नका. अ‍ॅल्युमिनिअमची बारीक धूळ आणि लोखंडाचा गंज एकत्र आले की एखाद्या ठिणगीने भयंकर आग लागू शकते.

काम झालं की तुकडा कोमट असतानाच मऊ कापडाने पुसा. थंड झाल्यावर कंपाउंडचं मेण खाचांत घट्ट बसतं आणि पुढे प्लेटिंग, म्हणजे दुसऱ्या धातूचा मुलामा, करायचं असेल तर ते तिथे पकड घेत नाही.