ट्रेनिंग झालं, सर्टिफिकेट मिळालं, रान मात्र होतं तसंच? या चुका टाळा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमचं वडिलोपार्जित भाट, म्हणजे झाडाझुडपांची खाजगी जमीन आहे. वर कातळ, मधल्या उतारावर काजू आणि खाली वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला किंदळ, माट्टी, भिरंड (कोकम), जांभूळ असं मिसळलेलं रान. बाबा होते तोवर ते बघायचे, मग ते माझ्या गळ्यात पडलं आणि मला काजू आणि भिरंड सोडून एक झाड धड ओळखता येत नव्हतं. म्हणून खाजगी रान सांभाळायची जी ट्रेनिंगं निघतात, वन खात्याची, कृषी विज्ञान केंद्राची, कधी एखाद्या संस्थेची, त्यांना जायला लागलो. आतापर्यंत चार झाली. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्यात, उरलेल्या शेजारच्या भाटांत बघितल्यात.

"काय लावू?" हा प्रश्न घेऊन जाणं

प्रत्येक ट्रेनिंगला पहिल्या अर्ध्या तासात कोणीतरी हात वर करतो आणि विचारतो, सर माझ्याकडे दोन हेक्टर आहे, काय लावू? सर बिचारे सांगतात साग लावा, बांबू लावा, अगरवूडचं विचारणारा पण एक असतोच. आता जागा न बघता कोणी काय सांगणार. पण लोक ते वहीत लिहून घेतात आणि जुलैमध्ये दीडशे रोपं आणून रानात सावलीखाली खोचतात. मी पण खोचली होती, वेंगुर्ला-4 ची काजूकलमं, किंदळाच्या सावलीत. काजूला कडक ऊन लागतं हे आमच्या गावात शेंबड्या पोराला माहीत आहे, पण ट्रेनिंग करून आलेला माणूस थोडा हुशार झालेला असतो ना. तीन वर्षांत ती कलमं गुडघ्याच्या वर गेली नाहीत.

रोपं आणायच्या आधी रानात आत्ता काय आहे ते मोजायला हवं होतं. त्याला मशीन लागत नाही, 40 मीटर सुंभ पुरतं. 10 बाय 10 मीटरची चौकट घालायची, चार कोपऱ्यांना चार खुंट मारायचे. आत किती मोठी झाडं, कोणती, छातीच्या उंचीवर म्हणजे 1.37 मीटरवर घेर किती, आणि मुख्य म्हणजे आपोआप उगवलेली लहान रोपटी किती, ते लिहायचं. शंभर चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग, त्यामुळे आकड्याला 100 ने गुणलं की हेक्टरी अंदाज येतो. एका चौकटीवर जाऊ नका, वर, मध्ये आणि खाली अशा निदान तीन घाला, कारण आमच्याकडे वीस पावलांत रान बदलतं. आमच्या खालच्या चौकटीत 7 मोठी झाडं आणि 31 रोपटी निघाली, त्यातली 9 भिरंडाची. ज्या भिरंडाची रोपं मी नर्सरीतून पैसे देऊन आणणार होतो ती फुकट उगवून उभी होती, आणि दर वर्षी मीच ती कोयत्याने उडवत होतो.

बेणणी

म्हणजे कोयत्याने गवत-झुडपं कापून साफ करणं. यावर जरा जास्त लिहितो, कारण गोव्यातल्या खाजगी रानाचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि ट्रेनिंगमध्ये याला दहा मिनिटं मिळतात.

काजूचा सीझन आला की बोंडू खाली पडतात, ते दिसले पाहिजेत, म्हणून झाडाखाली बेणावं लागतं. इथपर्यंत बरोबर. पण बेणणी सुरू झाली की गडी पाठीमागे बघत नाही, काजूखालचं बेणता बेणता मधली पट्टी, मग वहाळापर्यंत सगळं सपाट. मग पातेरा (वाळका पाला) गोळा करून काडी लावायची. आणि भाट जर पावणीने, म्हणजे लिलावाने, एका सीझनसाठी दिलं असेल तर विचारूच नका, घेणाऱ्याला त्या तीन महिन्यांतले बोंडू आणि फेणीच्या भाटीला लागणारा रस हवा, पुढच्या वर्षी तिथे काय उगवतं याच्याशी त्याला काय करायचंय. मी त्याला दोष देत नाही, कागदावर आपण काही लिहिलेलंच नसतं.

आग लागली की काय होतं ते एकदा वाकून बघा. मोठ्या किंदळाला काही होत नाही, सालीवर काळं येतं तेवढंच. पण बोटाएवढी रोपं जातात, पातेऱ्याखालचा ओलावा जातो, आणि पहिल्या पावसात उघडी माती लाल होऊन वहाळात उतरते. त्या उघड्या जागेवर सगळ्यात आधी कोण येतं तर रानमोडी, एक तण. दोन वर्षांत माणसाच्या उंचीची होते, मार्चमध्ये वाळते आणि पुढच्या आगीला जळण म्हणून तयार. म्हणजे साफ ठेवायला म्हणून आपण जाळतो आणि त्यानेच दर वर्षी कचरा वाढत जातो. 2023 च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूला किती दिवस डोंगर पेटत होते ते सत्तरीत कोणाला सांगायला नको, धूर आमच्या अंगणापर्यंत होता.

आता मी असं करतो. बेणणी फक्त काजूच्या फांद्यांच्या घेराखाली गोल, मधल्या पट्ट्या तशाच. पातेरा जाळायचा नाही, झाडाच्या वरच्या बाजूला अर्धगोल चर मारून त्यात भरायचा. पावसात तो कुजतो आणि पाणी पण थांबवतो. जानेवारी संपायच्या आत मेरेला, म्हणजे हद्दीला, तीन मीटरची पट्टी पातेरा-गवत ओढून स्वच्छ, रस्त्याच्या बाजूला आणि खालच्या बाजूला आधी, कारण आग चढणीला धावते. आणि गड्याला सांगताना "रोपं राखून बेण" असं तोंडी सांगून उपयोग नाही हो, त्याला कळणार कसं कुठलं राखायचं? मी जुन्या साडीच्या लाल चिंध्या काढल्या आणि राखायच्या प्रत्येक रोपट्याला एक बांधली. चिंधी बांधलेलं एकही रोप त्या वर्षी कापलं गेलं नाही. पावणीने देत असाल तर कागदावर दोन ओळी घाला, आग लावायची नाही आणि चिंधीचं तोडायचं नाही.

चुकीचा माणूस ट्रेनिंगला पाठवणं

जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर चौदा नावं, त्यातली पाच मुंबईला, एक पोर्तुगालला, आणि ट्रेनिंगला कोण जातं तर ज्याला त्या दिवशी रजा मिळाली तो. तो परत येऊन घरी सांगतो, काका म्हणतात बघू. कोयता हातात घेणारा माणूस तर ट्रेनिंगच्या जवळपास पण नव्हता. दुसऱ्या वर्षापासून मी आमच्या गड्याला सोबत नेतो, त्याची मजुरी देऊन. हॉलमध्ये तो पेंगतो, खरं आहे, पण फील्डवर गेलो की तोच प्रश्न विचारतो आणि ते माझ्यापेक्षा चांगले असतात.

जाताना रिकाम्या हाताने पण जाऊ नका. सर्व्हे प्लॅनची झेरॉक्स न्या. मेर कुठून जाते हेच नीट माहीत नसलेले लोक तिथे निम्मे असतात, आणि मग शेजाऱ्याचं झाड आपलं म्हणून मोजतात. काजू पिवळा पडत असेल तर "पिवळा पडतो" एवढंच सांगू नका, बुंध्याचा फोटो न्या. मुळाजवळ भोकं, डिंक आणि लाकडाचा भुसा दिसत असेल तर तो खोडकिडा, तो भुसा प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या. सुरुवातीला सापडला तर साल तासून अळी काढता येते, पण अर्ध्याहून जास्त बुंधा पोखरला गेला असेल तर झाड वाचवायच्या नादात शेजारची चार जातात, ते काढलेलंच बरं. असलं काही असेल तर जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत किंवा आपल्या विभागीय कृषी कार्यालयात नमुना घेऊन गेलेलं चांगलं, व्हॉट्सॲपवर औषध विचारू नका.

"ट्रेनिंगला गेलो तर जागा प्रायव्हेट फॉरेस्टमध्ये जाईल"

ही भीती खूप आहे आणि तिच्यामुळे चांगली रानं असलेले भाटकार ट्रेनिंगच्या वाटेला जात नाहीत. त्याहून वाईट म्हणजे काही जण रान दिसू नये म्हणून आधीच झाडं विरळ करून टाकतात.

12 डिसेंबर 1996 ला गोदावर्मन केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जंगल म्हणजे शब्दकोशातल्या अर्थाने जंगल, मालकी कोणाची पण असो. मग गोव्यात आधी सावंत समिती आणि नंतर करापूरकर समिती बसली, खाजगी वनं ओळखायला. निकष तीन, आणि तिन्ही एकत्र लागतात. 75 टक्के झाडं वनप्रकारची, सरकारी जंगलाला लागून किंवा वेगळं असेल तर सलग किमान 5 हेक्टर, आणि छत्राची घनता 0.4 पेक्षा कमी नाही, म्हणजे जमिनीचा निदान 40 टक्के भाग झाडांच्या सावलीखाली. 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच निकष कायम ठेवले. एक गोष्ट लक्षात घ्या, सलग म्हणजे तुमच्या मेरेपर्यंतच असं नाही, रान शेजाऱ्याच्या सर्व्हे नंबरात पुढे जात असेल तर ते पण धरलं जाऊ शकतं. आणि प्रायव्हेट फॉरेस्ट ठरलं म्हणून मालकी जात नाही, उताऱ्यावर नाव तुमचंच राहतं. तिथे घरं-प्लॉट वगैरे करायचं असेल तर केंद्राची मंजुरी लागते. ज्याला मुळात रानच ठेवायचंय त्याचं यात काय अडलं?

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे आपल्या जागेतलं झाड आपलं, कोण विचारतो. विचारतात. 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याने स्वतःच्या भाटातलं झाड तोडायला पण वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि त्यासोबत बदली झाडं लावायची जबाबदारी येते. (माड हे झाड की नाही यावर 2016 मध्ये किती गदारोळ झाला ते आठवत असेलच, तो याच कायद्यावरून.) लाकूड बाहेर न्यायचं तर वाहतुकीचा पास वेगळा. माझ्या ओळखीच्या एकाने वादळात पडलेला साग परस्पर उचलून नेला, आणि मग सहा महिने फेऱ्या मारल्या. आधी फोटो काढा, रेंज ऑफिसला अर्ज द्या, मग हात लावा.

चर उभे मारणं

पाणी अडवा म्हणून सांगितलं की लोक जेसीबी बोलावतात आणि वरून खाली सरळ चर. आमच्या पावसात तो चर राहत नाही, ओहोळ होतो. चर आडवे, समपातळीत हवेत. त्यासाठी बांबूचे दोन सारखे पाय वर बांधून मध्ये आडवी काठी बांधायची, टोकातून सुतळीला दगड लोंबता सोडायचा. सुतळी काठीच्या मध्यखुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत, तिथे खुंट मारायचा आणि एक पाय फिरवून पुढे. मुलांना हे काम फार आवडतं, एका रविवारी माझ्या भाच्यांनी अख्खी मधली पट्टी आखून दिली.

बारीकसारीक

रोपं लावायचीच असतील तर खड्डे मेमध्ये, रोप जूनच्या पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर. ऑगस्टच्या शेवटी फोटोसाठी लावलेलं रोप ऑक्टोबरच्या उन्हात जातं. पिशवीच्या तळाशी मूळ गोल फिरलेलं असेल तर तेवढं कापून टाका. मी मेलेलं कलम उपटून बघितलं तर तीन वर्षांनी पण मूळ पिशवीच्या आकाराचंच होतं, चकलीसारखं.

ऑस्ट्रेलियन अकेशिया लवकर वाढतो हे खरं, पण रानात घालू नका, त्याच्याखाली काही धड येत नाही.

जानेवारी ते मे रानात फिरताना अंगभर कपडे आणि घरी आल्यावर गोचीड बघून आंघोळ. सत्तरीत 2015 पासून गोचिडीने होणारा माकडताप आहे. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. फील्ड व्हिजिटला हाफ पँटमध्ये येणारे बघितले की मला घाम फुटतो.

आणि ट्रेनिंगनंतर एकट्याने बसू नका. अमेरिकेत ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटी रानमालकांना शिकवते आणि मग तेच लोक शेजाऱ्यांच्या रानात जाऊन फुकट सल्ला देतात, मास्टर वुडलँड मॅनेजर म्हणतात त्यांना. आम्ही तिघं शेजारी नाव-बिव न देता तेच करतो, डिसेंबरात एक रविवार माझं भाट, एक त्यांचं. दुसऱ्याची चूक लगेच दिसते. लाल चिंध्यांची आयडिया पण माझी नव्हे, शेजारच्या काकींची, त्या परसातली मिरचीची रोपं कोंबड्यांपासून राखायला असंच काहीतरी करायच्या.

यंदा खालची चौकट परत मोजली. भिरंडाची रोपटी 9 ची 14 झालीत. दोन गव्याने मोडली होती, ती धरली नाहीत.