काच आणि सागवान यांची संयुक्त तुळई : नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार करून

काच दाब उत्तम सोसते, पण ताण आला की पृष्ठभागावरच्या, विशेषतः कडेवरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या ओरखड्यापासून तडकते. म्हणून सागाच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन पट्ट्यांच्या खाचांत काचेचा उभा पडदा चिकटवून तुळई करायची असेल, तर काच ताब्यात घेतानाच तिच्या पॉलिश केलेल्या कडेवरून अंगठ्याचे नख सावकाश फिरवावे आणि नख अडखळले, तर ती काच परत करावी.

टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून झपाट्याने थंड केलेल्या, काचेचा मोह स्वाभाविक आहे, कारण युरोपीय मानकांत तिची वाकसामर्थ्याची मर्यादा 120 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, तर साध्या काचेची 45 आहे. परंतु टफन्ड काच फुटली की तिचे बारीक दाणे होतात आणि त्यांच्यात भार वाहण्याची ताकद फारशी उरत नाही. म्हणून मी 70 ची मर्यादा असलेली हीट-स्ट्रेंग्थन्ड, म्हणजे तापवून त्याहून सावकाश थंड केलेली, काच पसंत करतो, तीही लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा थर घालून जोडलेल्या दोन काचांची. ती तडकली, तरी तिचे मोठे तुकडे मधल्या थराला धरून राहतात, दाब वाहतात आणि तड्याखालचा ताण सागाची खालची पट्टी घेते. या रचनेचा सगळा जीव यातच आहे.

नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि पश्चिमेच्या उन्हात काच त्याहून तापते. अशा तापमानात दोन काचांमधला पीव्हीबी या नेहमीच्या प्लास्टिकचा थर मऊ पडतो. त्यामुळे गणितात दोन्ही काचा सुट्या धराव्यात किंवा आयोनोप्लास्ट या अधिक ताठ प्लास्टिकचा थर घ्यावा. सागाऐवजी अॅल्युमिनियम वापरले, तर तीन मीटर लांबीत 50 अंशांच्या फरकाने ते काचेपेक्षा सुमारे 2 मिलिमीटर जास्त वाढते आणि तो सगळा ताण चिकटद्रव्यावर येतो. साग उष्णतेने फारसा वाढत नाही, मात्र पावसाळ्यात रेषांच्या आडव्या दिशेने फुगतो. म्हणून लाकूड पुरते वाळलेले असावे आणि त्याच्या रेषा तुळईच्या लांबीने धावाव्यात.

काचेतील छिद्रे व काप ती भट्टीत तापवण्यापूर्वीच करून घ्यावेत. आधाराशी काच लोखंडाला थेट टेकू देऊ नये. मध्ये कडक रबराची किंवा नायलॉनची गादी द्यावी. 10 मिलिमीटरच्या दोन थरांचा, 3 मीटर लांब आणि 300 मिलिमीटर उंच पडदा 45 किलोंचा होतो. तो नेहमी उभाच उचलावा.

इमारतींतील काचेच्या वापराचे भारतीय मानक आयएस 16231 पाहून आणि संरचना अभियंत्याकडून गणित तपासून घेतल्यावरही एक नमुना तुळई पूर्ण आकारात करावी, तिच्यावर ठरलेला भार ठेवावा, दोन्ही काचा हातोडीने मुद्दाम तडकवाव्यात आणि तो भार किमान एक पूर्ण दिवस तसाच ठेवून तुळई किती वाकते, ते मोजत राहावे.