ठाण्यात बसून मार्चचं हवामान कसं नोंदवायचं

दरवर्षी मार्च लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकतंच, यंदा उन्हाळा लवकर आला, आणि खाली सगळ्यांचं हो ना हो ना सुरू होतं, पण मागच्या मार्चला किती होतं असं विचारलं की सगळे गप्प. म्हणून मी वही सुरू केली. कोणालाही जमेल, दिवसाला फार तर ५ मिनिटं जातात.

लागतं काय, तर एक वही, एक मॅक्स-मिन थर्मामीटर, म्हणजे दिवसभरातलं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी तापमान धरून ठेवणारा, डिजिटल असला तरी चालतो, आणि हातभर रिबीन. थर्मामीटर कुठे लावता यावर सगळं आहे बरं का. पहिल्या वर्षी मी तो हॉलच्या पश्चिमेकडच्या ग्रिलला टांगला, संध्याकाळी बघतो तर ४६, लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकला, तर खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, अरे माझ्या एसीचं आउटडोअर युनिट बरोब्बर तुझ्या ग्रिलखाली आहे. तेव्हा उत्तरेची बाजू, सावली, भिंतीपासून थोडा लांब, आणि एसीपासून तर खूपच लांब. हवामान खात्याचा थर्मामीटर झडपा असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतो, त्यामुळे सातव्या मजल्यावरचा तुमचा आकडा त्यांच्याशी जुळणार नाही. नाही जुळला तर नाही. फक्त महिनाभर जागा बदलू नका.

वेळा खात्याच्याच पाळा, सकाळी साडेआठला किमान आणि संध्याकाळी साडेपाचला कमाल, लिहून झालं की रीसेट. मी दोनदा रीसेट विसरलोय, मग आदल्या दिवसाचाच आकडा परत लिहिला जातो आणि कळतही नाही.

आता खरी गोष्ट, वारा. आपल्याकडे मार्चमध्ये दिवस कसा जाणार हे सूर्यापेक्षा वाराच ठरवतो. शाळेत खारे वारे, मतलई वारे शिकलो होतो ना, तेच. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, मग जमीन तापली की दुपारच्या सुमारास वारा फिरतो आणि समुद्राकडून यायला लागतो, आणि तो आला की पारा चढायचा थांबतो. पण ज्या दिवशी पूर्वेचा कोरडा वारा जोरात असतो त्या दिवशी समुद्रवारा लवकर आत येतच नाही, एक वाजतो, दोन वाजतात, आणि तेवढ्यात तापमान ३८-३९ ला जाऊन बसतं. म्हणून वहीत एक रकाना फक्त यासाठी ठेवा: वारा किती वाजता फिरला.

ओळखायचं कसं, तर गॅलरीच्या दांडीला रिबीन बांधा. ठाण्यात खाडी पूर्वेला आणि येऊरचे डोंगर पश्चिमेला, म्हणजे रिबीन खाडीकडे उडायला लागली की समुद्रवारा आला. नवी मुंबईत उलटं, तिकडे खाडी पश्चिमेला आणि पारसिकचा डोंगर पूर्वेला, त्यामुळे रिबीन डोंगराकडे उडाली पाहिजे. सुट्टी नसेल तर घरच्यांना विचारा, आमच्या आईला रिबीन लागत नाही, तिला कुरडयांवरून कळतं. पूर्वेचा वारा असला की सकाळी घातलेल्या कुरडया दुपारीच कडकडीत होऊन कापडावरून सुटतात, आणि खारा वारा लवकर आला की संध्याकाळपर्यंत बोटाला चिकटतात. मी तेही लिहितो, 'कुरडया सुटल्या', दमटपणाचा रकाना त्यावरच चालतो.

उष्णतेची लाट हा शब्द मात्र उगाच लिहू नका, त्याला नियम आहे. किनारपट्टीवर कमाल तापमान किमान ३७ हवं आणि ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त हवं, आतल्या सपाट भागात ३७ ऐवजी ४० आहे. मुंबईतल्या सांताक्रूझ वेधशाळेची मार्चमधली कमाल सरासरी ३३ च्या आसपास, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. आणि हल्लीच सगळं तापायला लागलंय असं म्हणणाऱ्यांना सांगा, २८ मार्च १९५६ ला सांताक्रूझला ४१.७ झालं होतं.

रविवारी जरा देशाकडेही बघा, हवामान खात्याचं मौसम ॲप आहेच. उत्तरेत पश्चिमी विक्षोभ आलाय का, म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणारी ती सिस्टीम, तिच्यामुळे काश्मीर-हिमाचलात बर्फ आणि पाऊस पडतो, आणि कधी कधी आपल्या विदर्भ-मराठवाड्यात गारपीट होते. आपल्याकडे तेव्हा नुसतं ढगाळ, फार तर चार थेंब. पण हे विक्षोभ नीट आलेच नाहीत तर काय होतं ते २०२२ ला दिसलं, देशाची मार्चची सरासरी कमाल ३३.१ निघाली, १९०१ पासूनचा सगळ्यात गरम मार्च, पाऊस ७१ टक्के कमी. गहू दाणे भरायच्या वेळेलाच होरपळला आणि मे महिन्यात सरकारने गव्हाची निर्यात बंद केली. त्या मार्चची वही माझ्याकडे असती तर मजा आली असती, पण मी नंतर सुरू केली.

होळीच्या आसपासचे आठ दिवस किमान तापमान नीट लिहा, होळी जळाली थंडी पळाली हे खरं का ते तपासता येतं. माझ्याकडे एकदा खरं ठरलं, एकदा होळीनंतर चार दिवसांनी पहाटे परत चादर ओढावी लागली.

१ एप्रिलला ३१ आकड्यांची बेरीज, भागिले ३१, कमालची वेगळी आणि किमानची वेगळी. खात्याची सरासरी ३० वर्षांची असते, सध्या १९९१ ते २०२० ची, आपली दोन-तीन वर्षांचीच, त्यामुळे लगेच ग्रुपवर निष्कर्ष टाकू नका. आणि वही जूनच्या आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा, माझी पहिली वही पावसाळ्यात गॅलरीतच राहिली आणि शाईच्या पेनाने लिहिलेला अख्खा मार्च वाहून गेला, आता बॉलपेन वापरतो.