लॅबमधलं नेट मध्येच का जात होतं: माझा अनुभव

परीक्षेचे फॉर्म भरायच्या ऐन गर्दीत आमच्या विभागाच्या लॅबमध्ये काही संगणकांवर नेट चालायचं, काहींवर नाही. केबल बदलून झाल्या. रीस्टार्ट केल्यावर कधीकधी चालू व्हायचं, त्यामुळे सगळ्यांना दोष मशीनचाच वाटायचा.

अडलेल्या एका मशीनवर 'आयपीकॉन्फिग' ही नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी कमांड चालवली. आमचे पत्ते १० ने सुरू होतात. इथे दिसला १९२.१६८.०.१०४! म्हणजे पत्ते वाटणारं दुसरंच कुणीतरी होतं. डीएचसीपीत, म्हणजे आपोआप पत्ते वाटण्याच्या पद्धतीत, संगणक सगळ्या नेटवर्कला हाक मारतो आणि सहसा ज्याचं उत्तर आधी येईल त्याचाच पत्ता घेतो. 'एआरपी -ए' या कमांडने परक्या गेटवेचा (बाहेरचा रस्ता म्हणून दाखवलेल्या उपकरणाचा) मॅक पत्ता, म्हणजे हार्डवेअरचा ओळख क्रमांक, काढला, तो स्विचच्या (सगळ्या वायरी जोडणाऱ्या पेटीच्या) तक्त्यात शोधला आणि पोर्ट सापडलं. वायर पोचत होती संशोधक विद्यार्थ्यांच्या खोलीत, टेबलामागच्या घरगुती वायफाय राउटरच्या लॅन पोर्टात, म्हणून तो आमच्या नेटवर्कलाही पत्ते वाटत होता. त्या खोलीत मोबाईलला रेंजच नसते, मुलांनी तरी काय करावं?

राउटर काढला, मशीनवर 'आयपीकॉन्फिग /रिलीज' आणि मग '/रिन्यू' देऊन जुना पत्ता सोडला, नवा मागितला, लगेच नेट आलं. स्विचवर डीएचसीपी स्नूपिंगही सुरू केलं. त्यामुळे आता पत्ते फक्त अपलिंकच्या (मुख्य नेटवर्ककडे जाणाऱ्या) विश्वासू पोर्टवरूनच येतात. त्या खोलीला अ‍ॅक्सेस पॉइंट (विभागाच्याच नेटवर्कचं वायफाय देणारं उपकरण) मिळावा म्हणून विभागप्रमुखांची सही घेऊन मागणीपत्र पाठवलं आहे.