खान्देशात नव्याने राहायला आलात? ऊन सोसाल, पण मोबाइल आणि कागदपत्रं सांभाळा

नोकरी, बदली, लग्न, कॉलेज, कारण काहीही असो, जळगाव-भुसावळकडे नव्याने येणाऱ्याला सगळे आधी इथल्या उन्हाचं सांगतात. मे महिना कसा काढायचा, पाणी किती दिवसांआड येतं, भरिताची वांगी कुणाकडची घ्यायची, हे शेजारच्या काकू न विचारता सांगतील. मी सांगलीकडून आले आणि आता इथलीच झाले. एमआयडीसीतल्या एका डाळमिलच्या ऑफिसात हिशेब बघते. नवीन रुजू होणाऱ्यांची कागदपत्रं माझ्याच टेबलावर येतात, म्हणून मी वेगळ्या विषयावर लिहिते आहे.

गावात मुरलेला माणूस अनोळखी नंबर बिनधास्त कापतो. नव्याला ते जमत नाही, कारण तो अनोळखी फोनचीच वाट बघत असतो. गॅसवाला, टेम्पोवाला, वायफाय जोडणारा, शाळेचं ऑफिस, सगळेच अनोळखी. त्यात पहिल्या महिन्यात आधार, पॅन, फोटो आणि मोबाइल नंबर ठिकठिकाणी देऊन झालेला असतो. फसवणाऱ्याला एवढं पुरतं.

विजेचंच बघा. ‘मागचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर संपर्क करा’ असा मेसेज येतो. जुन्या घरात राहणारा हसून सोडून देतो. पण मीटर घरमालकाच्या नावावर, आधीच्या भाडेकरूने बिल भरलं की थकवलं ते माहीत नाही, आणि बाहेर चव्वेचाळीस डिग्री! माणूस घाबरून फोन लावतो. पलीकडचा गोड बोलून मोबाइलची स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला लावतो आणि ‘फक्त दहा रुपये भरा’ म्हणतो. तेवढ्यात पासवर्ड, ओटीपी सगळं त्याला दिसतं. म्हणून खोली ठरवतानाच घरमालकाकडून बारा अंकी ग्राहक क्रमांक मागून घ्या आणि महावितरणच्या अ‍ॅपवर थकबाकी स्वतः बघा. कुणाच्या खासगी मोबाइल नंबरवरून आलेल्या धमकीला मग काही अर्थ उरत नाही.

खोली शोधताना इंटरनेटवरच्या जाहिरातीवर आगाऊ पैसे देऊ नका. ‘मी लष्करात आहे, बदली झाली, घर रिकामं आहे, टोकन पाठवा’ ही फसवणूक देशभर चालते. भुसावळ-वरणगावला आयुध निर्माणी असल्याने इकडे ती आणखी खरी वाटते. ‘पैसे परत मिळवायला हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा, यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. इथे खोल्या आजही ओळखीने आणि फाटकावरच्या पाटीने मिळतात. संध्याकाळी जळगावच्या महाबळ, पिंप्राळा भागात एक चक्कर मारा, घर डोळ्यांनी बघा, मग पैशाचं बोला.

आता झेरॉक्सचं दुकान. माझी खरी काळजी तिथे आहे. ‘ताई, व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, प्रिंट काढून देतो.’ काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप उघडंच असतं. डाव्या बाजूला सकाळपासूनच्या गिऱ्हाइकांची यादी, आणि डाउनलोडच्या फोल्डरमध्ये कुणाचं आधार, कुणाचं पासबुक, कुणाचा जातीचा दाखला. दुकानदार प्रामाणिक असेलही, बहुतेक असतातच. पण त्या कॉम्प्युटरसमोर दिवसभरात कोण कोण बसतं ते त्यालाही सांगता येणार नाही. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष, एवढाच तो पासवर्ड. प्रिंटसाठी तो दुकानदाराला तुम्हीच सांगता.

त्यापेक्षा आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, म्हणजे यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार काढा. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात आणि खोलीच्या व्यवहारात बहुतेक वेळा तेवढं चालतं. घरमालक पूर्ण आधारावर अडून बसले तर झेरॉक्सवर आडवं लिहा, ‘फक्त भाडेकरारासाठी’, खाली तारीख आणि सही. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात द्यावी लागते, त्यामुळे कागद मागितला म्हणून त्यांच्यावर रागावू नका. दुकानातून निघण्याआधी फाइल आपल्यासमोर डिलीट करायला सांगा, रिसायकल बिनमधूनसुद्धा. लाजू नका. ‘दादा, तेवढं पुसून टाका’ म्हटलं की इथला माणूस वाईट वाटून घेत नाही.

नवीन सिम घेताना अंगठा एकदाच द्या. ‘नीट आला नाही, पुन्हा ठेवा’ म्हणून दुसऱ्यांदा घेतलेल्या ठशावर दुसरंच सिम निघाल्याची प्रकरणं पोलिसांकडे आलेली आहेत. आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच कळवा. आधारचे बोटांचे ठसेही लॉक करून ठेवा, कारण ठशावर बँकेतून पैसे काढता येतात. ही सोय आधारच्या अ‍ॅपमध्ये आहे. रेशनला किंवा बँकेत लागेल तेव्हा तेवढ्यापुरतं उघडायचं. आणि मुलींनो, रिचार्ज स्वतःच्या मोबाइलवरून करा. टपरीवरच्या वहीत नंबर लिहून घेतला की तो कुणाच्या हाती जाईल सांगता येत नाही.

ओटीपी कुणालाच द्यायचा नाही, हे अर्धवट सांगणं आहे. सिलिंडर घेऊन आलेल्याला कोड द्यावाच लागतो. पण तो दारात आलेल्याला, सिलिंडर ताब्यात घेऊन. फोनवर ‘गॅसची केवायसी’ म्हणून कोड मागणाऱ्याला नाही.

गल्लीच्या, ऑफिसच्या, गावाकडच्या ग्रुपवर घेतील तिथे जा, एकटं राहू नका. इथली माणसं गाव, पगार, मुलं सगळं मोकळेपणाने विचारतात, त्यात आपुलकीच असते. पण त्याच ग्रुपवर लग्नपत्रिका, आरटीओचं चलन किंवा पीएम किसानच्या नावाने ‘एपीके’ फाइल (उघडली की मोबाइलमध्ये थेट प्रोग्राम बसवणारी) आली तर हात लावू नका, पाठवणारा सख्खा असला तरी. बहुतेकदा त्याचाच मोबाइल आधी फसवणाऱ्याच्या ताब्यात गेलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅपला सहा अंकी पिन आजच लावा.

व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातला माणूस ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे कॉलवरच तुम्हाला अटक केली आहे, असं म्हणाला तर फोन ठेवा. कायद्यात अशी अटक नाही.

आणि पैसे गेलेच, तर घरी काय म्हणतील याचा विचार करत बसू नका, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा. पहिल्या काही तासांत पुढच्या खात्यात रक्कम गोठवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. लगेच बँकेलाही कळवा. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार बँकेची किंवा तुमची चूक नसताना पैसे गेले आणि त्या व्यवहाराचा बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर भुर्दंड तुमच्यावर पडत नाही. ओटीपी तुम्हीच दिलेला असला तरी कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. तक्रार लेखी द्या, व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ त्यात लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय बँकेतून उठू नका.